चाल कोणाची?

परप्रांतात संसार थाटलेल्या मराठी कुटुंबास बदलीच्या प्रत्येक हुकुमाबरोबर सामानाची यादी नव्याने करावी लागते. काय न्यावे, काय विकावे, काय शेजाऱ्यांस देऊन टाकावे, याचा खल दोन-दोन रात्री चालतो. या यादीत जिची नोंद कधीच होत नाही आणि जिला वाहतुकीचे भाडेही पडत नाही, अशी एक वस्तू मात्र न चुकता बरोबर येते. ती म्हणजे आजीने आईस आणि आईने लेकीस दिलेली अंगाई. लखनौस जन्मलेले आणि शिलाँगच्या शाळेत जाऊ लागलेले मूल मराठीत पत्र लिहू शकेलच असे नाही; पण ते पाळण्यात ऐकलेली चाल विसरत नाही. ही चाल प्रथम कोणी बांधली, असे मात्र आपण कधी विचारीत नाही. विचारण्याचे कारणच पडत नाही, कारण घरातले गाणे घरातच असते.

परंतु घरातले गाणे घराबाहेर पडले, समुद्र ओलांडून गेले, आणि लक्षावधी लोकांच्या कानी पडले, तर ते कोणाचे? आज आम्ही वाचकांस अशाच एका अंगाईची हकीकत सांगणार आहोत. ती मराठी नाही, भारतीयही नाही. तथापि तिची कथा ऐकून आपल्या घरातील गाण्यांकडे आम्ही निराळ्या नजरेने पाहू लागलो, एवढे प्रारंभीच सांगून ठेवतो.

गेल्या हिवाळ्यात आमच्या एका स्नेह्यांच्या बंगल्यावर जेवणास जाण्याचा योग आला होता. जेवणे उरकल्यावर त्यांच्या चिरंजीवांनी आम्हांस एक गाणे ऐकविले. संथ ठेक्याच्या तालावर, यंत्राने निर्माण केलेल्या धूसर स्वरांच्या पडद्याआडून, एका स्त्रीचा स्वच्छ आवाज येत होता. भाषा कोणती ते कळेना. पण ती कोणाची तरी समजूत घालीत आहे हे कळत होते. "काका, ही आफ्रिकेतल्या जंगलातल्या पिग्मी लोकांची अंगाई आहे," चिरंजीव म्हणाले. आम्ही मान डोलाविली. तरुण पिढीचे कान किती दूरवर पोहोचले आहेत याचे कौतुकही केले. पुढे या गाण्याविषयी थोडे वाचावयास घेतले, तेव्हा आमचे ते मान डोलाविणे किती घाईचे होते हे ध्यानात आले. बाई आफ्रिकेतली नव्हती, पिग्मी नव्हती, आणि तिला नाव होते.

ते गाणे 'स्वीट ललबाय' या नावाने जगास ठाऊक आहे. १९९२ साली मिशेल सांचेझ आणि एरिक मूके या दोन फ्रेंच संगीतकारांनी 'डीप फॉरेस्ट', म्हणजे 'घनदाट अरण्य', या नावाने आपली पहिली ध्वनिमुद्रिका काढली, तीत ते होते. मध्य आफ्रिकेच्या अरण्यात राहणाऱ्या अका, बाका इत्यादी लोकांच्या गायनाची जुनी ध्वनिमुद्रणे घेऊन त्यांस नृत्यगृहांतील इलेक्ट्रॉनिक तालाची जोड द्यावी, अशी या जोडीची कल्पना होती. ती विलक्षण लोकप्रिय झाली. ध्वनिमुद्रिकेच्या लाखो प्रती खपल्या, अमेरिकेच्या ग्रॅमी पारितोषिकासाठी तिचे नामांकन झाले, आणि हीच अंगाई पुढे जाहिरातींतूनही वाजू लागली. या जोडीची पुढील ध्वनिमुद्रिका 'बोहेम' ही पूर्व युरोपातील गाण्यांवर, विशेषतः मार्ता शेबेश्त्येन या हंगेरियन गायिकेच्या आवाजावर आधारलेली होती, आणि तिला १९९६ साली जागतिक संगीताच्या विभागात ग्रॅमी मिळालेही.

हे सर्व शक्य झाले ते एका यंत्रामुळे. त्याचे नाव सॅम्पलर. ध्वनीच्या लहरीचे एका सेकंदात हजारो वेळा माप घ्यावयाचे आणि ती मापे आकड्यांच्या रूपाने साठवावयाची, हे त्याचे तत्त्व. कॉम्पॅक्ट डिस्कवरील संगीतात अशी ४४,१०० मापे दर सेकंदास घेतलेली असतात. आवाजाचे एकदा आकडे झाले की ते कापता येतात, पुनःपुन्हा वाजविता येतात, वर-खाली चढविता-उतरविता येतात, आणि एका बाईच्या गळ्यातून दहा बायांचा मेळ उभा करता येतो. १९७९ साली ऑस्ट्रेलियात तयार झालेले फेअरलाइट हे अशा यंत्रांतील आरंभीचे. त्याची किंमत एखाद्या घराएवढी होती. पण पुढील दहा वर्षांत ही विद्या इतकी स्वस्त झाली की ती सामान्य संगीतकाराच्या खोलीत येऊन बसली. गायकाला बोलावण्याची आता गरज उरली नाही. त्याचा आवाज कपाटात मिळू लागला.

त्यापूर्वीही असे प्रयोग झाले होते. ब्रायन ईनो व डेव्हिड बर्न यांनी १९८१ साली काढलेल्या एका ध्वनिमुद्रिकेत दुन्या युनिस या लेबनॉनच्या गायिकेचा आवाज एका जुन्या तबकडीवरून उचलून घेतला होता. त्याच ध्वनिमुद्रिकेत कुराणपठणाचाही एक तुकडा होता. त्यास हरकत घेण्यात आल्यावर तो पुढील आवृत्त्यांतून वगळण्यात आला. पुढे १९८७ च्या उन्हाळ्यात लंडनमधील एका मद्यगृहात काही लहान ध्वनिमुद्रिका-कंपन्यांची मंडळी जमली आणि युरोप-अमेरिकेबाहेरच्या गाण्यांसाठी दुकानात एक स्वतंत्र फळी असावी म्हणून त्यांनी 'वर्ल्ड म्युझिक' असे नाव मुक्रर केले. कचेरीत ज्या कागदाचे कूळ लागत नाही तो आपण 'संकीर्ण' या शीर्षकाखाली लावून मोकळे होतो. या नामकरणात तसाच प्रकार होता. आणि संकीर्णात पडलेल्या कागदाची पुढे काय गत होते, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको.

आता त्या अंगाईच्या मूळ घराकडे वळू. ऑस्ट्रेलियाच्या ईशान्येस प्रशांत महासागरात सॉलोमन बेटे आहेत. १९७८ पर्यंत ती इंग्रजांच्या संरक्षणाखाली होती. त्यांतील मलैता या बेटाच्या उत्तर भागात डोंगराळ प्रदेशात बेगू नावाचे लोक राहतात. ह्यूगो झेंप या, फ्रान्समध्ये काम करणाऱ्या स्विस संगीतसंशोधकाने १९६९-७० च्या सुमारास तेथे जाऊन बेगू व शेजारच्या फतालेका लोकांचे संगीत मुद्रित केले. युनेस्कोच्या संगीतमालेत १९७३ साली त्याची तबकडी प्रसिद्ध झाली, आणि १९९० साली तीच कॉम्पॅक्ट डिस्कच्या रूपाने पुन्हा निघाली. तीत 'रोरोग्वेला' नावाची एक अंगाई आहे. साथीला वाद्य नाही, ताल नाही. एकटी बाई गाते आहे. तिचे नाव अफुनाक्वा.

या अंगाईचा अर्थ आम्हांस समजला तेव्हा आम्ही काही वेळ स्तब्ध झालो. ती आईने तान्ह्यास म्हटलेली नाही. बाप मृतांच्या गावी निघून गेलेला आहे, आणि थोरले भावंड रडणाऱ्या धाकट्यास उगी करीत आहे, पोरक्यास सांभाळा असे म्हणत आहे. जे गाणे लंडन-पॅरिसच्या नृत्यगृहांत वाजले आणि ज्याच्या सुरांवर सुखवस्तूंसाठी माल विकला गेला, ते पोरक्या मुलांचे गाणे होते. 'गोड अंगाई' हे नवे नाव देणाऱ्यास हे ठाऊक असते तर त्याने ते नाव दिले असते काय, असा प्रश्न मनात आल्याखेरीज राहात नाही.

मलैता बेटापासून मध्य आफ्रिकेची अरण्ये सुमारे १५ हजार किलोमीटर दूर आहेत. तरीही 'डीप फॉरेस्ट'च्या ध्वनिमुद्रिकेत अफुनाक्वाच्या आवाजाशेजारी मध्य आफ्रिकेतील अरण्यवासीयांच्या गायकीचे तुकडे जोडले गेले, आणि ध्वनिमुद्रिकेच्या आरंभी अरण्यात राहणाऱ्या लहानखुऱ्या माणसांविषयीचे निवेदन होते. ऐकणाऱ्याचा समज व्हावयाचा तोच झाला. वेष्टनावर युनेस्कोचा आणि झेंप यांचाही उल्लेख होता, पिग्मी लोकांच्या साहाय्यनिधीचाही होता. नव्हता तो फक्त अफुनाक्वाचा आणि बेगू लोकांचा. अशा रीतीने तिच्या गळ्यावर जी सहानुभूती मिळविली गेली, ती हेतू चांगला असूनही दुसऱ्याच पत्त्यावर गेली.

एकदा चुकीचा पत्ता पडला की पुढील टपाल त्याच पत्त्यावर जाते. नॉर्वेचे ख्यातनाम सॅक्सोफोनवादक यान गार्बारेक यांनी १९९६ साली हीच चाल आपल्या वाद्यावर वाजविली. त्या रचनेचे नाव त्यांनी 'पिग्मी ललबाय' असे ठेवले आणि ती आफ्रिकेच्या पारंपरिक चालीवर आधारलेली असल्याचे नमूद झाले. त्या वाजविण्यात अफुनाक्वाचा आवाजही आता उरला नव्हता. केवळ चाल उरली होती, आणि तिचे गाव कायमचे बदलले होते. गार्बारेक हे थोर कलावंत आहेत. त्यांचा हेतू वाईट होता असे कोणीच म्हणणार नाही. परंतु लबाडीने झालेली चूक पकडता तरी येते. आदराने झालेली चूक मात्र शिष्टसंमत होऊन बसते.

परवानगीविषयी उभय पक्षांचे म्हणणे जुळले नाही. १९९६ साली झेंप यांनी एका संशोधनपत्रिकेत लेख लिहून आपली व्यथा मांडली. ज्यांच्या विश्वासावर आपण हे गाणे मुद्रित केले त्यांस ना नाव मिळाले ना मोबदला, हे शल्य त्यांनी उघड बोलून दाखविले. २००० साली अमेरिकन संगीतशास्त्रज्ञ स्टीव्हन फेल्ड यांनी या अंगाईचा सारा प्रवास एका दीर्घ निबंधात उलगडला. तो आज या विषयावरील प्रमुख लेख मानला जातो. परंतु तोवर गाणे जगभर पोहोचले होते. २००६ साली मॅट हार्डिंग या अमेरिकन प्रवाशाने देशोदेशी नाचतानाचे आपले चित्रण याच सुरांवर प्रसिद्ध केले आणि ते कोट्यवधी लोकांनी पाहिले. पुढे मूळ गायिकेचे नाव कळताच तो मलैता बेटावर तिचा शोध घेत गेला. त्यास तिचे नातलग भेटले. अफुनाक्वा मात्र त्यापूर्वीच निवर्तली होती.

याच काळातील दुसरे एक उदाहरण शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहे. 'एनिग्मा' या नावाने संगीत काढणारे मिखाएल क्रेटू यांचे 'रिटर्न टु इनोसन्स' हे गाणे १९९४ साली जगभर गाजले, आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकच्या प्रचारासाठीही ते वापरले गेले. त्याच्या आरंभी ऐकू येणारा वृद्ध, घनगंभीर आवाज तैवानमधील आमिस जमातीच्या दिफांग या शेतकऱ्याचा, आणि सोबतचा आवाज त्याच्या पत्नीचा, इगाय हिचा. १९८८ साली त्यांच्या मंडळीस युरोपात गायनासाठी बोलाविण्यात आले होते, तेव्हाचे मुद्रण पॅरिसच्या एका सांस्कृतिक संस्थेने प्रसिद्ध केले होते. तेथून ते उचलले गेले. आपलाच आवाज परक्या गाण्यातून येतो आहे असे कळल्यावर या दांपत्याने १९९८ साली दावा लावला. १९९९ मध्ये न्यायालयाबाहेर तडजोड झाली, आणि त्यानंतर गाण्यास त्यांची नावे लागली. दिफांग २००२ साली वारले, ते आपले नाव परत मिळवून.

दिफांगला जे मिळाले ते अफुनाक्वास का मिळाले नाही? एक तर तो न्यायालयापर्यंत पोहोचू शकला. ती मलैताच्या डोंगरात होती. दुसरे कारण कायद्याच्या रचनेतच आहे. लेखनहक्काचा कायदा कर्त्याचे नाव आणि रचनेचे साल विचारतो. परंपरेने आलेल्या गाण्यास दोन्ही नसतात, म्हणून ते सार्वजनिक ठरते. आणि त्या सार्वजनिक गाण्यास नवा साज चढविणाऱ्याचा मात्र त्या साजावर हक्क उत्पन्न होतो. विहीर गावाची आणि पाण्याचे पैसे मोट बसविणाऱ्याचे, असा हा न्याय आहे. आपल्या देशात १९५७ च्या कायद्यात १९९४ साली दुरुस्ती होऊन गायक-वादकांस आपल्या सादरीकरणावर हक्क मिळाला, आणि २०१२ च्या दुरुस्तीने आपले नाव लावले जावे असा आग्रह धरण्याचा हक्कही मिळाला. आंतरराष्ट्रीय पातळीवर २००० पासून चर्चा चालू आहे. २०२४ साली जिनीव्हात पारंपरिक ज्ञानासंबंधी एक करार झालाही, पण तो वनस्पती-प्राण्यांच्या जननिक संपत्तीशी निगडित ज्ञानापुरता आहे. लोकगीते त्याच्या बाहेरच राहिली आहेत.

यावर कोणी म्हणेल की, चाली उचलूनच तर संगीत वाढते. मग या दोघा फ्रेंच तरुणांनी निराळे काय केले? आक्षेप रास्त आहे, आणि मराठी माणसाने तर तो विसरता कामा नये. १८८० साली पुण्यास 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आले, तेव्हा अण्णासाहेब किर्लोस्करांनी कर्नाटकी चाली मुक्तहस्ते घेतल्या होत्या. पुढे १९११ च्या 'मानापमान'मध्ये गोविंदराव टेंबे यांनी, १९१६ च्या 'स्वयंवर'मध्ये भास्करबुवा बखले यांनी हिंदुस्थानी संगीताचे भांडार खुले केले. आपले नाट्यसंगीत उसनवारीवर उभे आहे आणि त्याबद्दल आपणांस लाज वाटण्याचे कारण नाही. परंतु नाटकाची जुनी पुस्तके वाचकांपैकी ज्यांनी चाळली असतील, त्यांस एक गोष्ट स्मरत असेल. पदाच्या डोक्यावर, कंसात, बारीक टाइपात छापलेले असे: 'चाल', आणि पुढे मूळ गाण्याचे आरंभीचे शब्द. ही ओळ छापण्याची सक्ती कोणत्याही कायद्याने केलेली नव्हती. नटास चाल कळावी ही त्यामागील व्यावहारिक गरज; पण त्या गरजेपोटी ऋणाची नोंद आपोआप होऊन गेली. कोणाकडून घेतले ते पदाच्या माथ्यावरच लिहिलेले असल्यामुळे उसनवारी चोरी झाली नाही. 'स्वीट ललबाय'च्या माथ्यावर नेमकी तेवढीच एक ओळ नव्हती.

आणि तरीही या साऱ्या कथेत आम्हांस सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट निराळीच आहे. अफुनाक्वाचे नाव आज जगास कळले ते कशामुळे? न्यायालयामुळे नव्हे, वृत्तपत्रांमुळे नव्हे. झेंप यांनी १९७३ च्या तबकडीसोबतच्या टिपणात गायिकेचे नाव, तिच्या लोकांचे नाव, गाण्याचे नाव आणि अर्थ, हे सारे लिहून ठेवले होते म्हणून. ती नोंद वीस वर्षे निमूटपणे आपल्या जागी होती. जगभर चुकीचा समज पसरला, पण नोंद बदलली नाही. आणि शोध घेणारा जेव्हा मुळापर्यंत गेला तेव्हा ती त्याच्या हाती लागली. आम्हां नोकरपेशाच्या लोकांचे आयुष्य नोंदी करण्यात जाते. खतावणी, जावक-बारनिशी, टिपणी. यातून कोणाचे काय भले होते असे एखाद्या संध्याकाळी वाटून जाते. एका पोरक्या अंगाईस तिची आई परत मिळाली ती अशाच एका नोंदीने, हे त्या संध्याकाळी आठवावे.

आपल्याकडेही हे काम झाले आहे. गी पॉइटवॅं आणि हेमा राईरकर यांनी पुण्यास राहून खेड्यापाड्यांतील बायकांच्या जात्यावरच्या ओव्या जमविण्यास आरंभ केला. पुढे बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने त्यांची संगणकावर मांडणी झाली. हजाराहून अधिक गावांतील एक लाखाहून अधिक ओव्यांचा हा संग्रह आहे, आणि त्यात ओवीसोबत ती गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव लिहिलेले आहे. 'एक खेडूत स्त्री' असे मोघम नाही. अमुक तालुक्यातील अमुक गावची अमुक बाई. उद्या एखाद्या संगीतकाराने त्यातील चाल उचलून जगभर फिरविली तरी तिचा पत्ता चुकण्याचे कारण राहणार नाही.

परंतु परप्रांतातील आपल्या घरांतून जी गाणी नांदत आहेत, त्यांच्यापर्यंत कोणी संशोधक येणार नाही. कोकणातल्या आजीची पाळणागीते दिल्लीच्या सरकारी निवासस्थानात आणखी एका पिढीपुरती टिकतील. नंतर चाल राहील आणि गाव जाईल, मग चालही जाईल. जग आपले गाणे चोरील ही भीती आपणांस फारशी नाही. आपणच त्याचा पत्ता हरवून बसू, ही भीती खरी आहे. म्हणून वाचकांस एक विनंती: घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांकडून त्यांची गाणी मुद्रित करून घ्या, आता त्यासाठी खिशातील दूरध्वनीही पुरतो. आणि मुद्रण झाले की एक ओळ अवश्य लिहा: कोणी गायिले, कोणाकडून शिकले, कोणत्या गावचे.

परवा स्नेह्यांकडे पुन्हा जाणे झाले, तेव्हा ही हकीकत आम्ही चिरंजीवांस सांगितली. गाणे त्यांचे आवडते असल्याने ते रागावतील अशी धास्ती होती. ते काही बोलले नाहीत. त्यांनी ते गाणे पुन्हा लावले आणि शेवटपर्यंत ऐकले. मग आपल्या संग्रहाच्या यादीत त्या गाण्यापुढे त्यांनी लिहिले: अफुनाक्वा, बेगू, मलैता. आणि आत जाऊन आईस विचारू लागले, "तू मला म्हणायचीस ती अंगाई तुला कोणी शिकवली होती?"